अर्ध्या मापाचा केक

प्रश्न : मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजी. मुलगा तिसरीत. आम्ही सिंहगड रोडला राहतो. सुट्टी लागली तसं मुलीला केक करायचं वेड लागलं. घरी केक-बिस्किटं करताना मुलं गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, भाषा असं सगळं शिकतात, असं वाचनात आलं. म्हणून मी उत्साहानं तक्ता करून फ्रिजवर लावला. सोमवारी गणिताचा केक, बुधवारी विज्ञानाची बिस्किटं, शनिवारी भूगोल. प्रत्येकाखाली पाच-पाच प्रश्न. थोडे दिवस बरं चाललं. आता ती म्हणते, 'मला केकच नको.' सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा पाढे पाठ करून घे. ह्यांचं म्हणणं, ही सगळी फॅडं आहेत, पोळ्या शिकव, जन्मभर उपयोगी पडतील. केकमधून शाळेचे विषय खरंच शिकता येतात का? आणि जूनअखेर धाकट्याचा वाढदिवस आहे. केक तिला करायला सांगू, की सरळ बेकरीतून आणू?
– एक आई, पुणे

उत्तर :

ताई, तो तक्ता आधी फ्रिजवरून काढा. मुलीला केक नकोसा झालेला नाही, केकच्या आडून आलेला तास नकोसा झालाय. सुट्टीत आईनं घेतलेली तोंडी परीक्षा सहावीतल्या मुलीला न कळायला ती काय कुक्कुलं बाळ आहे?

आता मूळ प्रश्न. विषय शिकता येतात का? येतात, पण सगळे नाहीत आणि सारखे तर नाहीतच. गणित आणि विज्ञान त्या पिठात आधीपासूनच असतं, वेगळं घालावं लागत नाही. इतिहास-भूगोल अधूनमधून डोकावतो. बाकीचं ओढूनताणून आणावं लागतं, आणि ओढूनताणून आणलेलं मुलांना लगेच कळतं. माझी कसोटी अशी : या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर केक बिघडेल का? बिघडणार असेल तर प्रश्न खरा. 'कोको कोणत्या देशात जास्त पिकतो?' याचं उत्तर काहीही दिलं तरी केक फुगतोच. मग मुलीनं डोकं कशाला शिणवायचं?

या कसोटीला उतरणारा आणि फुकटातला उपाय म्हणजे तिला पूर्ण मापाचा केक कधी करायलाच द्यायचा नाही. अर्धाच कर म्हणायचं. घरात माणसं मोजकी, तेव्हा कारणही खोटं नाही, आणि मैदा-साखरही कमी पोटात जाते. कृतीत पाऊण कप साखर लिहिलेली असते. पाऊणचं निम्मं किती? इथे ती थांबेल. थांबू द्या. तुमच्या ओठांवर आलेलं उत्तर तेवढं गिळा, सगळ्यात अवघड काम तेच आहे. काही मुलं पाऊण कप साखर ताटलीत ओतून सुरीनं दोन ढीग करतात. हेही गणितच. काही जण चमच्यांवर जातात : कप २४० मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा, म्हणजे कपात १६ चमचे, पाऊण कपात १२, निम्मे ६. एखादीला वर्गातलं आठवतं आणि ती ३/८ म्हणून मोकळी होते. पण ३/८ चा कप मापांच्या संचात नसतोच, तेव्हा तिलाही गुपचूप चमच्यांवर यावं लागतं.

केक ओव्हनमध्ये गेला, ओटा पुसून झाला, की वहीच्या मागच्या पानावर ३/४ ÷ २ = ३/८ एवढंच लिहून दाखवा : 'मघाशी तू केलंस ते हे.' एकदाच आणि एकाच वाक्यात. हे मात्र मोठ्यांनी करायलाच हवं. ओट्यापाशी पाऊणचं निम्मं झटकन करणारं पोर परीक्षेत तेच उदाहरण इंग्रजीत वाचून गांगरतं, कारण दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सेमीच्या मुलांना तर हे फारच लागू पडतं. घरातला 'पाऊण' आणि वर्गातला 'थ्री-फोर्थ' त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत बसलेले असतात.

सासूबाईंना या भांडणातून बाहेर काढा आणि ओट्याजवळ खुर्ची द्या. पावकी, निमकी, पाऊणकी त्यांच्या कानावर नक्की पडली असेल, पाठही असेल. ते अपूर्णांकांचेच पाढे होते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधी बाजार शेरावर चालायचा : १६ छटाकांचा शेर, त्याचा चौथा भाग पावशेर, पावशेराचं निम्मं नवटाक. आता नातीचं ते अडलेलं ३/८ बघा. शेराचे ३/८ म्हणजे एक पावशेर आणि एक नवटाक, बस्स. हे आजीच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही भाषांतर करू नका. आणि त्यांच्या बाजूनंही एक सांगते : पाढे केकनं पाठ होत नाहीत. ते म्हणूनच पाठ होतात. केकनं पाढ्यांची गरज कळते, त्यांचा सराव होत नाही. महिन्यात चार केक करून गणित सुधारेल या आशेवर राहू नका.

घरात वजनकाटा असेल तर आणखी एक गंमत आहे. तोच कप, त्यात मैदा भरला तर साधारण १२५ ग्रॅम, साखर भरली तर २०० ग्रॅम. मैदा चाळून अलगद भरला तर आणखी कमी, दाबून भरला तर १५० पर्यंत. 'एक कप मैदा' असं लिहिणाऱ्यानं नेमका किती म्हटलाय, हा प्रश्न तिला आपोआप पडेल. गेल्या खेपेला केक दगड का झाला, याचा पहिला संशयितही तिथेच सापडेल. घनता हा धडा याच्यापुढे मग जड जात नाही.

विज्ञानासाठी ओव्हनही लागत नाही. आप्पेपात्र काढा. बिनअंड्याचं थोडं पीठ भिजवायचं : मैदा, साखर, तेल, चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा. त्याचे दोन भाग. एकात दूध, दुसऱ्यात दही. अर्ध्या खळग्यांत हे, अर्ध्यांत ते, वर झाकण, मंद आच. दुधाचे आप्पे थोडे फुगतात, पण पिवळट दिसतात आणि साबण लागल्यासारखी चव येते. दह्याचे गोरे, हलके. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतो, पिठात बुडबुडे अडकतात, आणि सोडा खर्ची पडतो. दुधात सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही. तो नुसत्या उष्णतेनं मोडतो, थोडा वायू देतो, आणि मागे उरतो सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याचा सोडा. साबणाची चव का, ते आता सांगायला नको.

चव घेण्याआधी हळद पाण्यात कालवून दोन्हींवर थेंब टाकायला सांगा. दुधाच्या आप्प्यावर सोडा उरलेला असेल तर हळद लालसर होईल, दह्याच्यावर पिवळीच राहील. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके उठतात, ते हेच. हळदीत चुना घालून कुंकू करायचे, तेही हेच. आम्ल, आम्लारी आणि दर्शक हा धडा समोर आला की तिला ढोकळा आठवेल, आणि ज्या मुलीला ढोकळा आठवतो ती लिटमसची निळा-लाल उलटापालट करत नाही. मग बेकिंग पावडर काय असते? सोडा, त्याच्यासोबत कोरडं आम्ल, आणि दोघांनी डब्यातच भांडू नये म्हणून मध्ये मक्याचं पीठ. पाणी लागलं की काम सुरू. पीठ भिजवून गप्पा मारत बसलं की केक का बसतो, तेही यातच आलं. बुडबुडे वाट बघत नाहीत.

याला जोडून तिला एक गोष्ट सांगा, आवडेल. १८४३ च्या सुमारास बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडी चालत नसत आणि यीस्टही चालत नसे. तिला पाव खाता यावा म्हणून त्यानं बेकिंग पावडर बनवली. आपण फ्रूट सॅलडला वापरतो ती बिनअंड्याची कस्टर्ड पावडरही त्याचीच, तिच्यासाठीच. तुमच्याकडे अंडी चालतात की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. चालत नसतील तर घरात या गृहस्थांचं नाव आदरानं घ्या.

आता ह्यांच्या पोळ्या. पोळ्या शिकवाच, आणि केकबरोबरच शिकवा, कारण दोन्हींचं शास्त्र एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहे. मैद्याचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग पाण्याच्या भांड्यात धरून हळूहळू चोळायला सांगा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते स्टार्च. पाणी बदलत राहायचं. शेवटी हातात च्युइंगगमसारखा ताणणारा चिवट गोळा राहतो. ते ग्लुटेन, गव्हाची प्रथिनं. आता तसाच गोळा ज्वारीच्या पिठाचा करून धुवा. काही उरत नाही, सगळं पाण्यात. म्हणून पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, म्हणून भाकरीला गरम पाणी. पोळीची कणीक मळायची आणि मुरवायची, कारण चिवटपणा हवा. केकमध्ये मैदा गेल्यावर फार फेटायचं नाही, कारण चिवटपणा नको. आणि शंकरपाळ्याला कडकडीत तेला-तुपाचं मोहन घालायचं, कारण पिठाच्या कणांना तूप लागलं की चिवट जाळं तयारच होत नाही. नानकटाई तोंडात विरघळते ती याच्याच जोरावर. सासूबाई हे मोहन आयुष्यभर अंदाजानं घालत आल्या असतील, नातीला फक्त त्याचं कारण सांगायचंय.

'फॅड' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच : हातानं काम करत विषय शिकायची कल्पना कुठल्या परदेशी आयांच्या गटातून आलेली नाही. गांधीजींची नई तालीम वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत मांडली गेली, तिचा गाभाच हा होता. आणि आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं वेल्डिंगपासून अन्नप्रक्रियेपर्यंत सगळं करत शिकतात. सुट्टीत एक दिवस काढून कुटुंबासह बघून यावं असं ठिकाण आहे. ह्यांनाही न्या.

इतिहास-भूगोल मात्र प्रश्न म्हणून विचारू नका, गप्पा म्हणून निघाला तर निघू द्या. पुण्यात त्याची सोय आयती आहे. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी १९५५ पासून आहे. तिथली श्रूजबेरी बिस्किटं आणली की पुडा तिच्यासमोर ठेवा. श्रूजबेरी हे इंग्लंडातलं गाव. त्या गावचं बिस्किट पुण्यात कसं आलं आणि ते विकणारे इराणी कसे? पहिल्याचं उत्तर शोधायला १८१७ च्या खडकीच्या लढाईपर्यंत जावं लागतं : पेशवाई गेली, इंग्रजांचं लष्कर इथे कायमचं राहिलं, कॅम्प वसला, आणि साहेबाला चहाबरोबर बिस्किट लागायचं. दुसऱ्यासाठी इराणातल्या यझ्द आणि केरमानहून पोट भरायला आलेल्या झोरास्ट्रियन, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, कुटुंबांपर्यंत. ही बिस्किटं तिनं घरी करायला घेतली तर हे सगळं बोलणं तूप-साखर फेसताना सहज होतं. आणि पूर्वी दिवाळीत रवा-मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, रांगेत डब्यावर नाव चिकटवून, हे सासूबाईंना विचारा. नक्की आठवत असेल.

व्हॅनिलाचीही एक गोष्ट, कारण तिचा नायक तुमच्या मुलीच्या वयाचा आहे. व्हॅनिला मूळची मेक्सिकोची, ऑर्किडच्या जातीची वेल. बाहेर नेऊन लावली तर वेल वाढायची, फुलं यायची, शेंग धरायची नाही, कारण परागीभवन करणारे तिकडचे कीटक इकडे नव्हते. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलानं बारीक काडी आणि अंगठा वापरून हातानं परागीभवन करायची युक्ती शोधली. आजही शेतांवर तेच करतात. मग आपल्या बाटलीवरचं बारीक अक्षर तिला वाचायला लावा. बहुतेक बाटल्यांत व्हॅनिलाची शेंग नसतेच, कारखान्यात केलेला व्हॅनिलिन असतो. यावर ती चिडली तर चांगलंच आहे.

भाषेसाठी निबंध नको. तिला एक कृती लिहायला सांगा, धाकट्यानं वाचून करता येईल अशी. तो करत असताना तिनं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, बोलायचं नाही. तिनं 'मैदा घाला' लिहिलं असेल तर तो विचारेल, कशात? किती? 'नीट मिसळा' लिहिलं असेल तर तिसरीतला मुलगा दोनदा चमचा फिरवून मिसळलं म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसेल. तिचा जीव तीळतीळ तुटेल. दुसऱ्या दिवशी ती कृती पुन्हा लिहून काढेल आणि या खेपेला एकही शब्द ढिला नसेल. कुठल्याही शिकवणीत एवढी बारकाईची दुरुस्ती होत नाही.

दोन-तीन किरकोळ गोष्टी. गरम डबा ओव्हनमधून काढायचं काम मोठ्यांचं, यावर वाद नाही. कच्चं पीठ चाटायचं नाही, अंडं असो वा नसो. कृतीत ३५० फॅरनहाइट असेल तर ते १७७ सेल्सिअस होतं, ओव्हनचं बटण १८० वर ठेवलं तरी चालतं. गणिताचं उत्तर आणि व्यवहाराचं उत्तर कधी कधी थोडं वेगळं असतं, हेही कळू द्या. १५०० वॉटचा ओव्हन अर्धा तास चालला तर फार तर पाऊण युनिट, तेव्हा बिलाच्या नावानं ओरडू नका. आणि गुरुवारी केक ठेवू नका. पुण्यात राहता, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते हे तुम्हाला माहीत आहे.

राहिला वाढदिवस. केक तिलाच करू द्या, पण तुम्ही सांगू नका, धाकट्याला सांगू द्या. घरातला नेहमीचा डबा ६ इंची असेल, पाहुण्यांना ८ इंची लागेल. माप किती वाढवायचं? सगळे म्हणतात, दोनच इंच तर जास्त, थोडं वाढव. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र तिला अजून शिकवलेलं नसेल, हरकत नाही. दोन्ही डबे दोन इंचांपर्यंत पाण्यानं भरून कपानं मोजायला लावा. लहानात चार कपांना थोडं कमी, मोठ्यात सातला थोडं कमी. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. दोन-तीन वर्षांनी वर्गात सूत्र येईल तेव्हा ३६ आणि ६४ चं गुणोत्तर ती स्वतःच काढेल. भाजायचा वेळ मात्र पावणेदोन पट होत नाही, मधोमध टूथपिक खुपसून बघावं लागतं. हे तिला आधी सांगून टाका, सगळंच शोधायला लावलं तर मुलं कंटाळतात.

त्या दिवशी तिचं गणित चुकलंच तर केक बुटका होईल किंवा डब्याबाहेर येईल. म्हणून आदल्या संध्याकाळी बेकरीतून दोन पुडे बिस्किटं आणून वरच्या फळीवर ठेवा. तिला सांगू नका. केक जमला तर ती बिस्किटं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर सासूबाईंना द्या.